दौलतजींच्या नाचाचा शेवट

दौलतजी मापारी कधी 'एक' म्हणत नसत. धान्य मोजणारा कुणीच म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. सौंसरच्या दाणाबाजारात ज्वारीच्या राशीपुढे ते उजवा गुडघा टेकून बसायचे, पायली राशीत खुपसायचे, वर शीग चढली की पोत्यात रिती करायचे आणि म्हणायचे, "लाभ." दुसरी पायली भरून होईपर्यंत तोंडात तेच, "लाभ हो लाभ, लाभ हो लाभ." आकडा तोंडातून सुटला की चुकतो, म्हणून. मग "दोन हो दोन, दोन हो दोन." सगळेच मापारी असं म्हणत, पण बाकीच्यांचं ते पुटपुटणं असे. दौलतजींचा आकडा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू जाई. रास संपली की पायलीच्या काठावरून तळहात फिरवून ते काठ पुसत आणि मग उठत. काठ न पुसता उठले, असं मी एकदाही पाहिलं नाही.

या मोजण्यातून त्यांनी एक नाच केला. सौंसर, पांढुर्णा, बोरगाव, इकडच्या कुठल्याही शाळेच्या संमेलनात तो आज होतो. बारा जण हातात पायल्या घेऊन रिंगण धरतात, 'लाभ हो लाभ' म्हणत फिरतात, शेवटी पायल्या डोक्यावर नेऊन 'जय' म्हणतात आणि टाळ्या पडतात. त्याआधी कुणीतरी माइकवर सांगतं की हा आपल्या भागातला तीनशे वर्षांचा पारंपरिक नाच आहे.

ही तीनशे वर्षं मी तयार केली. छिंदवाड्याच्या एका कचेरीच्या व्हरांड्यात, बाकावर बसून, दहा मिनिटांत. नाच दौलतजींनी तयार केला. त्यात त्यांची दहा वर्षं गेली होती आणि तरी तो पुरा झाला नव्हता. लोक ज्याला टाळ्या देतात तो त्या नाचाचा शेवट नाही. खरा शेवट दौलतजींना नंतर सापडला. तो कुणीच नाचलं नाही, आणि त्याला कारण मी आहे. माझं वय आता त्र्याऐंशी. हे लिहून ठेवायला मी फार उशीर केला आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षी मी सौंसरला नवा मास्तर होतो. झेंडा बाजाराच्या मैदानात चढायचा होता आणि कार्यक्रम ठरवायच्या कमिटीत, अक्षर चांगलं म्हणून, मला घेतलं होतं. भाषणं ठरली, गाणी ठरली, पोरांचं लेझीम ठरलं. एका दुपारी दौलतजी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि मिशीत ज्वारीचा भुसा.

"मास्तर, बाजारवाले बी काही करतीन म्हनतो."

"काय करणार?"

"नाच."

मला हसू आलं. "तुम्ही नाचता?"

"नाई जी. मले काहून येईन नाचता? बारा हमाल हायेत. ते नाचतीन. मी पाहीन."

मी कमिटीच्या कागदावर 'हमालांचा नाच' असं लिहिलं. पुढे काय होणार आहे याची मला काही कल्पना नव्हती.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवसांत, भर दुपारी, रिकाम्या शेडमध्ये तालीम चाले. हजेरी घ्यायला म्हणून मी पहिल्या दिवशी गेलो आणि मग रोजच जाऊ लागलो. दौलतजींनी पहिले दोन दिवस कुणाला नाचू दिलंच नाही. त्यांनी हमालांना नुसती पोती उचलायला लावली. इकडून तिकडे न्या, तिकडून इकडे आणा. हमाल वैतागले. "काकाजी, सुट्टीच्या दिवशी बी हमाली? हा नाच हाये का बेगार हाये?" दौलतजी उलट्या घातलेल्या पायलीवर बसून पाहत राहिले. कोण कुठल्या खांद्यावर पोतं घेतो, वळताना कुणाचा कुठला पाय आधी पडतो, ओझं टाकल्यावर कोण किती वेळ वाकलेला राहतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच पायली पालथी जमिनीवर ठेवली, तिच्या सपाट बुडावर ज्वारीचे बारा दाणे मांडले आणि नखाने एकेक सरकवत सांगितलं, "हा किसना. हा इथं. याचा डावा खांदा बुडते, मनून याच्या डाव्या अंगाले उंच मानूस पायजे." नाच ते असा पायलीच्या बुडावर मांडत, आणि मग तोच बारा माणसांत उतरवत. स्वतः पाय उचलून दाखवला की पोट्टे खो खो हसत, कारण त्यांचा पाय खरंच बगळ्यासारखा पडे. म्हणून ते दाखवत नसत. बोलत, आणि पाहत.

किसना हा त्यातला सगळ्यात धिप्पाड हमाल. लहानपणी त्याच्या उजव्या गुडघ्यावर पोतं पडलं होतं, त्यामुळे तो गुडघा पुरता वाकत नसे आणि पाऊल किंचित घासत येई. मी दौलतजींना म्हणालो, "याला काढा. रिंगणात एकट्याचाच पाय घासतो, वाईट दिसतं."

दौलतजींनी माझ्याकडे पाहिलं. "एकट्याचा घासते मनून वाईट दिसते ना जी? बाराईचा घासला तं?"

त्यांनी किसनाला मधे उभं केलं आणि बाकीच्या अकरांना त्याचा पाय शिकवला. अकरा धडधाकट माणसं आठ दिवस ते अर्धवट वाकणं शिकत होती. किसना आधी शरमला, मग चिडला, मग मास्तर झाला. "तसा नाई बे! जरा दुखल्यासारखा टाक!" बारा पायल्या खाली येत, बारा पावलं एकदम मातीवर घासत आणि 'लाभ हो लाभ' चालू असे, तेव्हा खरोखर वाटे की समोर मोठी रास आहे आणि ती उपसली जाते आहे.

पुढे मी एका लेखात लिहिलं की हे घासतं पाऊल म्हणजे पोळ्याच्या बैलाच्या खुराचं प्रतीक आहे. तेही इथेच मागे घेतो. तो किसनाचा गुडघा होता.

एकदा मी विचारलं, "दौलतजी, नाच नाचतात हे लोक, मग यात तुमचं काय?"

ते रागावले नाहीत. "रास कोनाची असते? कास्तकाराची. मापारी एक दाना बी घरी नेत नाई. पन मोजल्याबिगर कोनाले समजते का, केवढी हाये ते?"

झेंड्याच्या आदल्या दिवशी सगळं बसलं होतं, फक्त शेवट नव्हता. दौलतजी पायलीवर दाणे मांडत आणि पुसून टाकत. मोजणी कशी संपते ते त्यांना सापडत नव्हतं. दमलेले हमाल शेडमध्ये आडवे झाले होते. मला घाई होती. मी म्हणालो, "पायल्या डोक्यावर न्या आणि झेंड्याकडे तोंड करून 'जय' म्हणा. झालं."

दौलतजींनी ते करून पाहिलं. "हे झेंड्याचं झालं, मास्तर. नाचाचं नाई झालं."

"पण उद्या झेंडाच आहे ना?"

"हाव. चालन मंग. आजच्यापुरतं."

दुसऱ्या दिवशी मैदान दणाणलं. म्हाताऱ्या बायका पायल्या पाहून रडल्या. तो 'जय' माझा होता, आणि तो आजच्यापुरता होता.

पुढे दरवर्षी झेंड्याला तो नाच होऊ लागला, आणि दरवर्षी दौलतजी त्यात काहीतरी बदलत. हमाल कुरकुर करत. "काकाजी, मागच्या साली तं डावा पाय होता!" दौलतजी म्हणत, "मागच्या साली तुह्यी ढेरी बी नोती." माणूस बदलला की ते पाऊल बदलत. एकजण गाव सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा घेतला नाही. एक वर्षभर अकराच जण नाचले आणि बाराव्याची जागा रिंगणात मोकळी फिरली. मात्र शेवट तसाच राहिला होता, आणि तो त्यांना टोचत होता.

ते सारखे शोधत असत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार पाहायला आम्ही एकदा पांढुर्ण्याला गेलो. जाम नदीच्या दोन काठांना दोन गावं उभी, हवेत दगड, सगळ्यांचे डोळे वर. दौलतजी तेवढे सावरगावच्या काठाकडे, माणसांच्या टाचांकडे पाहत होते. "फेकते हात, मास्तर, पन ठरवते मांगचा पाय. पाहा, त्याचा पाय उठला. दगड गेला समजा." एवढ्यात एक गोटा आमच्या बाजूला येऊन पडला. मी त्यांना ओढून मागे आणलं तर म्हणाले, "थांबा ना जी, तो डावखोरा हाये."

जामसांवलीच्या हनुमानाला ते शनिवारी पायी जात. तिथला मारुती आडवा, निजलेला आहे. लोक नमस्कार करून पुढे सरकत, दौलतजी तिथेच अडून राहत. एकदा पुजारी ओरडला, "अहो, चला ना पुढं!" ते बाहेर आले आणि मला गंभीरपणे विचारलं, "हा उठन तं कसा उठन? पहिले कोपर टेकवन का पहिले गुडघा?" मी म्हणालो, देवाला काय, तो एकदम उठेल. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "देव असला तरी का झालं? अंग तं अंगच हाये." घरी येईपर्यंत त्यांनी तीन प्रकारे मारुती उठवला. त्यांची बायको पारबताबाई म्हणायची, "शेजारी कोनी मेलं तं हे रडत नाईत. खांदा कोनी कसा बदलला थे पाह्यतेत." ती थट्टेत म्हणायची, पण ते खरं होतं. कितीही हसलं तरी त्या माणसाला वेडा म्हणावं असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी नेमकं तेच केलं.

मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. नागपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येई. भोपाळ आमच्यातल्या कुणी पाहिलंही नव्हतं. घरात मराठी, बाजारात मराठी, आणि कचेरीतला कागद हिंदी. आपण कुणाचे, असा एक प्रश्न त्या दिवसांत सगळ्यांच्या मनात असे. अशात नव्या राजधानीत जिल्ह्याजिल्ह्याचे लोकनाच दाखवायचं ठरलं आणि छिंदवाड्याला निवड ठेवली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या राज्यात आम्हीही आहोत हे दाखवायची हीच वेळ. हिंदी मला बरं येई, म्हणून दलाचा प्रमुख मीच झालो.

नावं घेणाऱ्या कारकुनाने दौलतजींकडे बोट केलं. "ये क्या करते हैं? नाचते हैं?"

"नहीं."

"बजाते हैं?"

"नहीं."

"तो फिर?"

नाच बसवतात, हे मला हिंदीत नीट सांगता येईना. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बारह नाचने वाले, दो बजाने वाले, एक दल-प्रमुख. इसके अलावा कोई नहीं." मी दौलतजींच्या हातात झांज दिली आणि वाजवणाऱ्यांत त्यांचं नाव घातलं. त्यांनी झांज उलटीपालटी करून पाहिली. "हे कायले, मास्तर?" मी म्हणालो, आत बसायला मिळावं म्हणून.

नाच सुरू झाला. समोर टेबलामागे साहेब लोक. अर्ध्यावर आला असताना झांज थांबली. दौलतजी उठले, "थांबा रे," म्हणाले, सरळ रिंगणात शिरले, एका पोराचा खांदा धरून चार बोटं खाली केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि म्हणाले, "आता. तीनपासून." बारा जण थांबले होते. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तालमीत असंच होई. टेबलामागचा मोठा साहेब मला म्हणाला, "ये कौन आदमी है?"

मी त्यांच्याजवळच उभा होतो. म्हणालो, "झांज वाला है, साहब." आणि मग, निवड जाईल या भीतीने, मी आपलं बोट कपाळाच्या कडेला नेऊन फिरवलं आणि हसलो. साहेबही हसले.

दौलतजींनी ते पाहिलं. माणसाचं कुठलंही हलणं त्यांच्या नजरेतून सुटत नसे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ते आपल्या जागी येऊन बसले आणि शेवटपर्यंत झांज बरोबर वाजवली.

आमची निवड झाली. व्हरांड्यात बसून मी अर्ज भरला. 'नृत्य-रचयिता का नाम' असा एक रकाना होता. मी 'दौ' लिहिलं. कारकून मान वाकवून म्हणाला, "मास्साब, नाम लिखेंगे तो लोकनृत्य कैसे हुआ? वो तो किसी का बनाया हुआ हो गया. और ये नागपुर वाला तो नहीं है ना?" मी तो 'दौ' खोडला आणि 'पारंपरिक' लिहिलं. कितने साल पुराना, असंही विचारलं होतं. तीनशे लिहिलं. दोनशे थोडे वाटले आणि पाचशे खोटे.

भोपाळला बारा नाचणारे गेले, ढोलकीवाला गेला, मी गेलो. झांजेला दौलतजींच्या जागी साहेबांनी छिंदवाड्याचा एक पोलीस हवालदार दिला होता. तो चांगली वाजवायचा. दौलतजी आम्हाला सोडायला मोटरीपर्यंत आले. खिडकीशी उभे राहून किसनाला एवढंच म्हणाले, "तिथली जमीन फळ्याची असन. पाय घासला तं आवाज मोठा येईन. हळू घास."

परत आल्यावर तीनशे वर्षांची गोष्ट मीच त्यांना सांगितली. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. ते खूप हसले. "तीनशे? मंग मी बम म्हातारा दिसत असन, नाई?" पारबताबाई हसली नाही. ती उठून आत गेली, आणि त्यानंतर त्या घरात मला चहा दौलतजींनी केला.

एक-दोन वर्षांत लोकनाचांवर सरकारी पुस्तिका निघाली. आमच्या नाचाला दोन पानं, मजकूर माझा, रिंगणाच्या आकृत्या, कुठल्या आकड्याला कुठला पाय, आणि शेवटी 'जय'. खाली माझं नाव. ती शाळाशाळांत वाटली गेली. मला भाषणांना बोलावू लागले. याच सुमारास नवी वजनमापं आली. धान्य काट्यावर किलोने तोललं जाऊ लागलं, पायलीने मोजणं बंद झालं आणि दौलतजी घरी बसले. 'लाभ' हा शब्द बाजारातून गेला आणि शाळेच्या संमेलनात राहिला.

माझी बदली पांढुर्ण्याला झाली होती. एका सकाळी शाळेच्या मैदानात मुलांना पुस्तिकेप्रमाणे तो नाच शिकवणं चालू होतं. दुपारी शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. दौलतजी मोटरीने आले. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी आपली जुनी पायली काढून व्हरांड्यात पालथी घातली, रुमालाची गाठ सोडून बारा दाणे काढले.

"मास्तर, सापडलं."

"काय सापडलं?"

"शेवट. पाहा."

मी खाली बसलो. त्यांनी दाण्यांचं रिंगण मांडलं आणि फिरवू लागले. काय पाहिलं ते जेवढं आठवतं तेवढं लिहितो. 'जय' येत नाही. पायल्या वर जात नाहीत. मोजणी चालू असतानाच एक दाणा रिंगणातून सुटतो आणि आपल्या वाटेने जातो. मग दुसरा. उरलेले त्यांची जागा मोकळी ठेवून फिरत राहतात. आवाज एकेकाने कमी होत जातो. "मोजनं थांबते, मास्तर, पाय नाई थांबत," असं ते म्हणाल्याचं मला पक्कं आठवतं. शेवटी एकच उरतो आणि तो मोजत नाही. तो काय करतो, ते त्यांनी दाखवलं. त्याच वेळी शिपाई येऊन फाटकाकडे बोट करून काही बोलला आणि मी तिकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा त्यांचं नख त्या एका दाण्यावर टेकलेलं होतं.

"कसं हाये?"

"चांगलं आहे."

"चांगलं नका मनू. बराबर हाये का, थे सांगा."

मी म्हणालो, "दौलतजी, आता बदलता यायचं नाही. पुस्तकात आलंय."

"कोनं लिवलं पुस्तक?"

"मी."

"मंग खोडा ना."

"आता ते माझ्या हातात नाही. सगळ्या जिल्ह्यात असंच शिकवतात. परंपरा म्हणून मान्य झालंय. साहेब आज हेच पाहायला येताहेत."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. तीस-चाळीस मुलं किसनाचा गुडघा घासत फिरत होती. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात चीड मुळीच नव्हती, त्यांना खरंच माहिती हवी होती: "तुमच्या हातात नाई. माह्या हातात नाई. मंग कोनाच्या हातात हाये जी?"

त्यांनी दाणे उचलून रुमालात बांधले, पायलीचा काठ तळहाताने पुसला, पिशवीत घातली. मी जेवून जा म्हणालो. ते म्हणाले, "मोटर निघून जाईन."

मी तो अर्ज बदलण्याचा प्रयत्न केला का? केला, पण फार नंतर, ज्यांच्यासमोर खोटं ठरायची भीती होती ते सगळे गेल्यावर. दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. गेल्या थंडीत नातीच्या मुलीच्या शाळेत पाहुणा म्हणून गेलो, पुन्हा तीनशे वर्षं ऐकली. कार्यक्रम संपल्यावर नाच बसवणाऱ्या तरुण शिक्षिकेला बाजूला घेऊन म्हटलं, हा नाच सौंसरच्या एका मापाऱ्याने केलाय, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्याचा शेवट वेगळा आहे. ती अदबीने म्हणाली, "बाबूजी, पण पुस्तकात तर तुम्हीच लिहून ठेवलं ना, पारंपरिक म्हणून?" मी म्हटलं, ते मी खोटं लिहिलं. ती "हो, हो" म्हणाली, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, आणि वळून आपल्या मैत्रिणीला काही खूण केली. तिची पाठ माझ्याकडे होती, पण खूण कुठली ते मला कळलं.

दौलतजींना मी शेवटचं पाहिलं ते सौंसरच्या त्याच मैदानात, झेंड्याच्या सकाळी. किसना तोवर गेला होता. मी मंचावर होतो, गळ्यात हार. दौलतजी खाली, पोरांच्या रांगांच्या कडेला, चौघडी केलेल्या बारदान्यावर बसले होते. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. झेंड्याला कुणीही येतं. नाच सुरू झाला. त्यांचं उजव्या हाताचं बोट मांडीवर ताल धरून चालू होतं, ओठ हलत होते. मुलांनी पायल्या डोक्यावर नेल्या. 'जय.' टाळ्या वाजल्या, ढोलकी थांबली, बुंदी वाटायला घेतली तशी पोरं एकदम उठून त्या बाजूला धावली.

दौलतजींचं बोट थांबलं नाही. ओठ हलत होते. पोरं त्यांना ओलांडून जात होती, कुणीतरी सतरंजी गुंडाळत त्यांच्या अगदी जवळ आलं, वळसा घालून गेलं. मंचावर अध्यक्ष माझे आभार मानत होते. मी खाली पाहत होतो. ते फार वेळ चाललं. त्या दिवशी पायलीवर पाहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग ओठ थांबले. बोट त्यानंतरही थोडं चालत राहिलं, एकटंच. मग तेही थांबलं. त्यांनी तळहात गुडघ्यावरून गोल फिरवला, काठ पुसावा तसा, आणि हळूहळू उठले. पहिले कोपर टेकवलं, मग गुडघा.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. किती आकड्यांनी पहिला गडी बाहेर पडतो आणि किती आकड्यांवर शेवटचा उरतो, हे सगळं त्या सकाळी माझ्यासमोर मैदानात झालं होतं. मी पाहत होतो. मोजत नव्हतो.